हातात चपला घेतलेली बाई

दसरा झाला की आमच्या नांदेडच्या गल्लीत रद्दीवाल्याचे दिवस येतात. घरोघर माळे रिकामे होतात, दिवाणाखालचे गठ्ठे बाहेर निघतात, आणि लोह्याच्या रस्त्याने मोंढ्याकडे, धान्यबाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांतून नव्या सोयाबीनचा तो कोरडा, घशात बसणारा वास दिवसभर येत राहतो. मी दरवर्षी पिशवीभर वर्तमानपत्रं घेऊन रद्दीच्या दुकानात जाते आणि तिथून पिशवीभर जुने दिवाळी अंक घेऊन परत येते. आमच्या घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. नवरा म्हणतो, रद्दी कमी करायला गेलेली बाई रद्दी वाढवून येते, शाळेत गणित शिकवते म्हणून कुणाला सांगू नकोस.

त्याला वाटतं मी त्यातल्या कथा वाचते. कथा मी क्वचितच वाचते. मी जाहिराती बघते. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या त्या जाहिरातींत काय काय चाललेलं असतं हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही. एक वाघ पायावर पाय टाकून आरामखुर्चीत बसलाय आणि चमच्यानं टॉनिक पितोय. आता वाघाला टॉनिक कशाला, हा माझा पहिला प्रश्न, आणि टॉनिकची गरज पडलेला वाघ बघून ते कोण विकत घेईल, हा दुसरा. एका डोंगरातून नुसता मनगटापर्यंतचा हात बाहेर आलाय आणि त्या हातात कुकर आहे. एका पानावर टक्कल पडलेला चंद्र रडतोय आणि खाली केसांच्या तेलाची बाटली. एक हंस सुटकेस घेऊन पायऱ्या उतरतोय. हे सगळं कुणीतरी शहाण्यासुरत्या माणसानं विचार करून काढलं असेल, चारचौघांनी मान डोलावली असेल, आणि मग ते छापलं गेलं असेल. माझं डोकं तिथेच अडतं. त्या खोलीत बसून ‘वाघाला टॉनिक पाजू या’ असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस मला एकदा बघायचा आहे.

आताच्या जाहिरातींना असलं वेड नाही. मी दोनदा कुकरचं नाव घेतलं तर फोन मला कुकरच दाखवतो. त्या जुन्या चित्रांना मात्र आपण कुणासमोर जाणार आहोत याचा पत्ताच नव्हता. ती मुंबई-पुण्याच्या कुणा बाईसाठी काढलेली असायची आणि दोन-तीन वर्षं उशिरानं, चहाचे डाग घेऊन, लोह्याजवळच्या आमच्या गावात आमच्या स्वयंपाकघरात येऊन चिकटायची. त्यांना आमची ओळख नव्हती आणि आम्हाला त्यांची. आमच्यात जे काही घडलं ते सगळं या अनोळखीपणातून घडलं.

चिकटायची म्हणजे खरोखरच चिकटायची. आमचं घर मातीचं. स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीमागच्या भिंतीची माती झडून पितळेच्या डब्यांत पडायची. म्हणून दिवाळीआधी, ज्वारीची कणसं खळ्यावर आली की, घरोघर बाया भिंत सारवून घ्यायच्या आणि वाळली की तिच्यावर कणकेच्या खळीनं कागद चिकटवायच्या. वर्तमानपत्र स्वस्त पडायचं, पण त्याची शाई भांड्यांना लागायची. दिवाळी अंकांची मधली गुळगुळीत रंगीत पानं सगळ्यात चांगली, त्यांच्यावरून फडकं फिरवलं की धूर पुसला जायचा. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, एक स्नेही लोह्याच्या वाचनालयात होते. जीर्ण झालेले अंक ते दादांना बांधून द्यायचे. माय ते अंक मांडीवर घेऊन कात्री चालवायची. चित्र भिंतीला जायचं आणि खाली नाव-पत्ता लिहिलेली पट्टी ती वेगळी कापून घ्यायची. ती पट्टी घडी घालून कातरली की उलगडल्यावर तिची झालर व्हायची, फळीच्या कडेला लोंबायची. त्यामुळे आमच्या घरात चित्रं भिंतीवर आणि त्यांची नावं तुकडे होऊन झालरीत, अशी वाटणी होती. कुठलं चित्र काय विकतंय हे कळायला कुठलाच मार्ग उरायचा नाही.

तेव्हा माझा आणि धाकट्या रमेशचा खेळच तो होता. भाकरी खाता खाता भिंतीकडे बघायचं आणि ही जाहिरात कशाची ते सांगायचं. दादांना कुठलीही गोष्ट माहीत नाही असं व्हायचंच नाही. वाघाची खुर्ची विकायला आहे, म्हणाले. हंस रेल्वेचा आहे, म्हणाले. इतक्या ठामपणे सांगायचे की आम्ही शाळेत जाऊन तसंच सांगायचो आणि गुरुजींचं हसू झेलायचो.

फक्त एका चित्रापाशी दादांचंही डोकं चालेना. चुलीसमोर बसलं की बरोबर नजरेला येईल अशा जागी ते मायनं लावलं होतं. निळ्या साडीतली एक बाई, पाठमोरी. पदर खांद्यावरून मागे सुटलेला. चपला पायांत नाहीत, हातात. आणि ती आभाळावरून चालली होती. म्हणजे अक्षरशः. तिच्या पायांखाली निळं आभाळ, पांढरे ढग, आणि त्या ढगांवर तिची पावलं. डोक्यावरही आभाळ. ती डावीकडे चालली होती, पानाच्या कडेकडे, आणि पुढचं पाऊल उचललेलं होतं. त्या कडेनंतर आमची सारवलेली भिंत सुरू व्हायची.

दादांनी बराच विचार करून सांगितलं की बाई वारली आहे, वर चालली आहे, जाहिरात विम्याची आहे. मी म्हटलं, चपलांची आहे. रमेश म्हणाला, चपला विकायच्या तर पायांत घालून दाखवल्या असत्या, हातात कशाला. पुढे कित्येक दिवस आमचं यावर भांडण चाललं. शेवटी आम्ही मायला विचारलं. ती भाकरी थापत होती, वळून बघितलंसुद्धा नाही.

“काय इकून राहिली ते कशाला पाहिजे?” ती म्हणाली. “चालली हाय तर जाऊ द्या तिला.”

दुसऱ्या वर्षी दिवाळीला भिंतीवरचे सगळे कागद बदलले. वाघ गेला, चंद्र गेला. मी एक नवीन छान पान, गुलाबांच्या ताटव्यात बसलेला हत्ती, खास त्या जागेसाठी काढून ठेवलं होतं. माय म्हणाली, ती राहू दे. तिसऱ्या वर्षीही म्हणाली. भिंत सारवताना ती त्या पानाभोवतीनं हात फिरवायची. पान धुरानं तांबूस झालं, निळी साडी मातकट झाली, कोपरे उचकटले तेव्हा मायनं पुन्हा खळ लावली. बाई आपली चालतच राहिली.

हे चित्र भिंतीवर आलं त्याच्या थोडंच आधी घडलेली एक गोष्ट आमच्या घरात दरवर्षी फराळाला सांगितली जायची. माय नायगावची, माहेरी सातवी पास झालेली. आमच्या गावात बालवाडी निघायची होती आणि तिची निवड झाली होती. त्यासाठी नांदेडला महिनाभर राहून शिक्षण घ्यायचं होतं. पत्र्याची पेटी घेऊन ती गेली. ऐन ज्वारी काढणीचे दिवस, घरात बायामाणसाचा हात नाही, दादांना स्वयंपाकातलं पाणी गरम करण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी तेव्हा लहान होते आणि माझ्या रडण्याला खंड नव्हता. जेवेना, खेळेना, अंगात कणकण. दादांनी काही दिवस काढले आणि मग रमेशला शेजारणीपाशी ठेवून, मला घेऊन नांदेडची बस पकडली. जिथे माय शिकत होती त्या इमारतीच्या फाटकात मला उभं केलं आणि स्वतः बाजूला झाडाखाली जाऊन थांबले. जेवायच्या सुट्टीत बाया बाहेर आल्या. मायनं मला बघितलं आणि मी हात पसरले.

दादा ही गोष्ट सांगताना उठून उभे राहायचे आणि दोन्ही हात पसरून दाखवायचे, अशी उभी होती आमची शकू. सगळे हसायचे. मग त्याच संध्याकाळच्या बसनं आम्ही तिघं गावी परत आलो. ते काम पुढे गावातल्या दुसऱ्या एका बाईला मिळालं आणि तिनं ते चांगलं केलं, रमेश तिच्याच हाताखाली क ख ग शिकला. ‘शकूनं मायला परत आणलं,’ असं घरात म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू, परवापरवापर्यंत वाटायचा. माझ्या लग्नातसुद्धा दादांनी ही गोष्ट व्याह्यांना सांगितली होती. माय ती सांगितली जात असताना काय करायची हे मी आता आठवून बघते तेव्हा मला फक्त तिची पाठ आठवते. ती चुलीकडे तोंड करून करंज्या तळत असायची.

मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा ते पान भिंतीबरोबर गेलं. काढायचा प्रयत्न केला होता, पण खळीनं ते मातीशी एक झालं होतं, हातात नुसते पापुद्रे आले. दादा गेल्यावर रमेशनं मायला लातूरला आपल्याकडे नेलं. आमच्या आयुष्यातून ती बाई संपली, असं मी धरून चालले होते.

या वर्षी रद्दीच्या दुकानात कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून मी एक अंक ओढला. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला वाळवीनं खाल्लेलं. सवयीनं मधून उघडला आणि ती समोर आली. निळी साडी, खरी निळी, धूर न लागलेली. हातात चपला. मी तिथेच, वजनकाट्याशेजारी, गठ्ठ्यावर बसले.

जाहिरात दोन पानांची होती. आमच्या भिंतीवर होतं ते उजवं पान. डाव्या पानावर एक घर होतं. दार सताड उघडं, आत टेबलावर वाफाळतं जेवण, खुर्चीत टाय लावलेला नवरा, आणि दारात फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी दोन्ही हात पसरून उभी. खाली दोन्ही पानांवरून जाणाऱ्या पट्टीत नाव होतं. जाहिरात फरशी चमकवायच्या पॉलिशची होती. ते आभाळ आभाळ नव्हतंच, व्हरांड्याची फरशी होती. इतकी चकचकीत की तिच्यात आभाळ उतरलं होतं. बाईनं चपला हातात घेतल्या होत्या त्या फरशी मळू नये म्हणून.

मला आधी हसू आलं. आम्ही शेणानं सारवलेल्या जमिनीवरची माणसं. सारवलेल्या जमिनीत आभाळ दिसत नाही, त्यामुळे जमीन अशी असू शकते हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दादांनी तिला थेट स्वर्गात पाठवली होती आणि ती बिचारी आपल्याच व्हरांड्यात होती. मग हसू थांबलं. ती कुठे चाललेलीच नव्हती. ती घरी येत होती. इतकी वर्षं आम्ही जिला जाताना बघितलं ती बाई दाराकडे, जेवणाकडे, त्या पोरीकडे परत येत होती.

अंक घरी आणला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. नवऱ्यानं विचारलं, या वर्षी एकच? मी हो म्हटलं. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणासाठी हे सांगता येत नव्हतं. मायनं त्या चित्रात काय बघितलं होतं हे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं. आपल्याला जाता आलं नाही, ही तरी चालली आहे, एवढंच. रोज भाकरी थापताना, समोर. आणि तेही खोटं निघालं होतं. मी शिकले, नोकरी केली, वर्गासमोर उभी राहून आयुष्य काढलं, आणि तिनं एकदाही मला म्हटलं नाही की हे माझंही झालं असतं. एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी तरी विचारायला हवं होतं. ज्या गोष्टीवर घरात इतकं हसलो त्या गोष्टीत एक बाई हातातली पाटी-पुस्तकं खाली ठेवून बसमध्ये चढते, हे माझ्यासारख्या शिकवणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत दिसू नये याचा मला राग आला.

हे पान तिला दाखवायचं की नाही, यावर मी दिवाळीपर्यंत मनाशी भांडत राहिले. दाखवलं तर तिची ती बाई हिरावून घेतल्यासारखं होईल. न दाखवलं तर मी पुन्हा काहीतरी तिच्यापासून लपवून ठेवतेय. शेवटी भाऊबीजेला लातूरला निघाले तेव्हा अंक पिशवीत होता. दाखवेनच असं ठरवलं नव्हतं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून रिकामी झालेली काळी रानं होती, आणि मी दर गावाला मन बदलत होते.

रमेशच्या फ्लॅटची फरशी पांढरी आहे, ट्यूबलाइट लावली की दुसरी ट्यूब खाली दिसते. वैशालीनं, माझ्या भावजयीनं, ती नुकतीच पुसली होती. माय आतून आली ती चपला हातात घेऊन, भिंतीला धरून, एकेक पाऊल जपून टाकत. रमेश म्हणाला, कितीदा सांगितलं, घरातल्या घरात चपला घालत जा, पाय गार पडतात. माय म्हणाली, “पोरीनं आत्ता पुसली हाय, मळंल.” ते बघून मी अंक दाखवायचा नाही असं पक्कं केलं.

ओवाळणी झाली, रमेश आणि वैशाली तिच्या माहेरी निघून गेले. दुपारी आम्ही दोघीच होतो. माय पिशवी चाचपत होती, मी तिच्यासाठी बोरं आणते त्या सवयीनं. तिच्या हाताला अंक लागला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला चांगलं दिसतं. तिनं तो मांडीवर घेतला आणि तो जिथे उघडायचा तिथेच उघडला.

तिचं बोट निळ्या पदरावरून खाली चपलांपर्यंत आलं. मीच घाईघाईनं सांगत सुटले. म्हटलं, ते आभाळ नाही माय, फरशी आहे, पॉलिशची जाहिरात आहे, आम्ही सगळेच चुकलो. आणि हे दुसरं पान आपल्याला मिळालंच नव्हतं, म्हणून आपल्याला वाटलं की ती...

“मिळालं व्हतं की,” माय म्हणाली.

“म्हणजे?” मी म्हटलं.

“अंक आधी माझ्याच हातात आला व्हता. दोन्ही पानं व्हती. मीच कापली.” तिचा आवाज अगदी साधा होता, कुठला डबा कुठे ठेवलाय ते सांगावं तसा. “हे भिताडाला लावलं अन् ते चुलीत घातलं.”

“का गं?”

तिनं डाव्या पानाकडे बघितलं. टेबलाकडे नाही, त्या नवऱ्याकडे नाही.

“त्यात लेकरू व्हतं,” ती म्हणाली. “हात पसरून दारात उभं. ते तिथं दिसत असल्यावर ती जाईल कशी?”

नंतर माझ्याकडे बघून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुझ्यावर राग न्हवता गं, शकू. तू लई लहान व्हतीस. तुला काय कळून राहिलं व्हतं.”

दादा उठून उभे राहायचे, हात पसरायचे, सगळे हसायचे आणि ती करंज्या तळत असायची. आपलं चित्र तिला आपल्या हातानं पुरं करून घ्यावं लागलं होतं, तेही कापून. मी माफी मागायचीसुद्धा सोय तिनं ठेवली नव्हती, ती आधीच देऊन टाकली होती.

अंक आम्हा दोघींच्या मध्ये उघडा होता. ती मुलगी अजून तशीच उभी होती, हात पसरून. मी माझा तळवा डाव्या पानावर ठेवला. दार झाकलं, टेबल झाकलं, ती पोर पुरती झाकली गेली. मग मी मायला म्हटलं, “आता बघ.”

मायनं चष्मा नीट केला. उजव्या पानावर फक्त बाई उरली होती, आणि आभाळ, आणि तिचं उचललेलं पाऊल.

“हाव,” ती म्हणाली. “आता चालली.”

ती बराच वेळ बघत बसली. माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मी तो काढला नाही.